डावा ब्रेक

रविवारी उतरताना डावं पेडल
ओल्या स्पंजासारखं आत गेलं,
आणि विमान उजवीकडे, गवतात.
प्रॉपेलर वाचला. मीही.

गांगुर्डेकाका चाकापाशी उकिडवे बसले,
पिवळी पडलेली नायलॉनची नळी
दोन बोटांत दाबून पाहिली.
"ही फुगते. तुमच्या पायाचा जोर
सगळा हीच खाते."

ओझरच्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली
लढाऊ विमानांच्या पोटाखाली.
आमचं हे दोन माणसांचं, पत्र्याच्या शेडमधलं.
त्याला ते विमान म्हणत नाहीत,
पोरगं म्हणतात.

नव्या नळ्या आल्या, स्टीलची वेणी घातलेल्या.
क्लॅम्प अंबडला करून घेतले, आतून रबर लावून,
कारण अशी वेणी ज्याला टेकते
त्याला हळूहळू कापत जाते.

जानेवारी. पाना धरला की बोटं बधिर.
शेजारच्या द्राक्षबागेत गंधक मारलेलं,
त्याचा वास शेडभर.
पिंपळगावहून गुरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज आणली;
लाल तेल चाकाकडून चढवायचं, खालून वर.
बुडबुड्याला वरच जायचं असतं,
त्याच्याशी भांडू नये.

मी कॉकपिटात टाकीवर डोळे लावून.
"आला?"
"आला."
"अजून?"
"अजून."
मग बराच वेळ काहीच नाही.
काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं नळीवर टकटक केलं,
आत कुणी झोपलंय अशी.
एक आला. बाजरीएवढा.

"जिच्यावर तरंगता ना," खालून आवाज,
"तीच हवा इथं शिरली की घात."
आणि लगेच,
"नऊचा पाना द्या."

पेडल आता दगड.
नटांवर खुणेला मुलीचं नेलपॉलिश लावलं, गुलाबी;
लाल संपलं होतं.
तीनदा पळवलं, तीनदा थांबवलं.
काका पट्टीच्या कडेला, हात पाठीमागे बांधून.
तिसऱ्यांदा चाक त्यांच्या चुन्याच्या रेघेवर थांबलं,
तेव्हा त्यांनी फक्त नाक शिंकरलं.

जुनी नळी ते गुंडाळून खिशात घालत होते,
नातवाच्या माशांच्या टाकीला, हवा सोडायला.
"तेल आहे आत," मी म्हटलं, "मासे मरतील."
ते थांबले. तिच्याकडे बघत राहिले,
पहिल्यांदाच जरा ओशाळून.

सोमवारी खण उघडला तर ती तिथेच,
दोऱ्यानं बांधलेली, चिठ्ठी लावून,
कारखान्यातल्या त्या उभ्या अक्षरात:
जुनी. वापरू नये.
खाली तारीख. सही.