बदलीवर आलेल्यास

तुम्ही विचारलंत, साहेब, वेंगुर्ल्यात जेवायचं कुठं.
आपल्या मोजणी खात्यात नवा माणूस
हे पहिल्या दिवशी विचारतो,
क्वार्टर मिळेल का, हे दुसऱ्या.

बंदराच्या रस्त्यानं जा. दोन पाट्या लागतील,
एक 'अस्सल', एक 'त्याहून अस्सल'.
वाईट नाही तिथं काही,
पण तिथं मासा फ्रीजमध्ये पडून तुमची वाट बघतो.
द्वारकाबाईकडे तुम्ही माशाची वाट बघायची.

तिच्या दाराला पाटी नाही.
डचांची वखार मागं टाका.
पिंपळानं भिंत धरून ठेवलीय की भिंतीनं पिंपळ,
हे तीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.
मग उजवीकडे पाणंद, जांभ्याच्या पायऱ्या,
चौथी हलते.
तिरफळाचा वास आला की थांबा.
नाही आला तर सोमवार असेल.
सोमवारीही जा,
ओल्या काजूंचे दिवस असतील तर
सोमवारीच जा.

मी सांगोल्याचा.
आमच्याकडे नारळ देवापुढं फुटायचा
आणि मासा शाळेतल्या तक्त्यावर असायचा, बाणांसकट:
कल्ला, पर, शेपूट.
इथं पहिल्या दुपारी ताटात आले पेडवे,
करंगळीएवढे. मी अख्खा तोंडात टाकला.

काटा.
डोळ्यांतून पाणी, आणि बाकड्यावरचे सगळे गप्प.
तिनं सुक्या भाताचा गोळा तळहातावर ठेवला.
"चावू नको, गीळ."
आणि मग, कढीची वाटी पुढं सरकवत,
"माशाक आता खंयची घाय?"
शेजारी जयवंत तांडेल होता, पहाटे दर्यावरून आलेला,
केसांत मीठ.
तो हसला नाही.
नुसतं आपल्या ताटातलं पेडवं उचलून
मला दिसेल असं, सावकाश,
कणा ओढून दाखवला त्यानं,
एका ओढीत, शर्टातून दोरा निघावा तसा.

बदली रद्द करायचा अर्ज खिशात होता माझ्या.
त्याला आमटीचा डाग पडला.
पुन्हा लिहायचं राहून गेलं.

वखारीबद्दल तिला विचारा कधीतरी.
ती म्हणेल, "तेंका कोणी सोलकडी दिली नसतली,
म्हणान गेले."
याहून बरं कारण
मला दप्तरात सापडलेलं नाही.

उकड्या तांदळाचा भात मागून घ्या.
बांगडा असेल तर डोकं टाकू नका, ती बघत असते.
आता दिसतं कमी तिला;
कल्ला बोटानं उघडून ताजेपणा ओळखते,
नोट मात्र चुरगाळून.
पैसे तीच सांगेल. घासाघीस करू नका,
ती आधीच कमी सांगते.

आणि एक गोष्ट. या महिनाअखेर मी सुटतो,
म्हणून सांगायला हरकत नाही.
वखारीच्या हद्दीची फेरमोजणी तुमच्याकडे येणार आहे,
हिरवी फाईल, वरून तिसरी.
मागची मी केली होती.
नकाशावर तिची चूल हद्दीच्या आत बसते,
पूर्वेकडे, दोन हात.
त्या दिवशी ऊन फार होतं.
जयवंतनं साखळीचं दुसरं टोक धरलं होतं.
आणि साखळी लोखंडाची असली तरी
साहेब, भर दुपारी, रिकाम्या पोटी,
ती थोडी सैल पडते.

तुमच्याकडे आता यंत्रं आहेत, उपग्रहावरून मोजणारी.
ती जेवत नाहीत.
तुम्ही तुमचं काम करा, मी कोण सांगणारा.
फक्त यंत्र पायरीवर ठेवा आधी,
चौथ्या नव्हे, ती हलते,
पाचव्या.
हात धुवायला तांब्या दाराशी असतो.
आत बाकड्यावर, भिंतीकडून दुसरी जागा,
माझी.
रिकामी आहे आजपासून.