हातचा

मिरजेत सतारीचे भोपळे वाळतात
त्याच गल्लीच्या टोकाला माझी खोकी.
देवदार परवडत नाही, आंब्याच्या फळ्या.
आत पेंढा, जुने पेपर, कडेनं पत्र्याची पट्टी.
सतार जर्मनीला जावो नाहीतर जतला,
खिळे तेवढेच लागतात.

एका वर्षी एक बाई आली. उंच, उन्हानं लाल झालेली.
दस्तगीरभाईंच्या माळ्यावरचे तडकलेले भोपळे
तिनं टिचकी मारून मारून निवडले,
जे वाजेनात तेच घेतले.
एकोणीस.
दस्तगीरभाई म्हणाले, "सिद्राम,
हे आपण चुलीत घालतो, ही विमानात घालायला निघाली."
मी म्हटलं, भरतो.
गिऱ्हाईक काय नेतंय ते खोक्यानं विचारायचं नसतं.

टेम्पोत मावेना एवढं खोकं झालं.
गावाचं नाव सिनसिनाटी,
तरफेची तार पिळताना हातातून सुटते ना, तसं.
ते मी ब्रशनं लिहिलं.
खाली "जपून". खाली बाण, ही बाजू वर.

परवा कावेरीनं फोनवर फोटो दाखवला.
तिच्या वॉर्डातला एक डॉक्टर तिकडं गेलाय, त्यानं पाठवलेला.
पांढरी भिंत, पांढरी फरशी,
कोपऱ्यात कुणी कधी थुंकलं नसेल अशी.
मधोमध माझं खोकं.
उघडलेलंच नाही!
पुढं दोरी. शेजारी गणवेशातला माणूस,
आपल्या अर्बन बँकेच्या वॉचमनएवढाच कंटाळलेला.
पाटीवर बाईचं नाव, साल,
आणि : लाकूड, खिळे, शांतता.
हात लावू नये.

कावेरीनं दोन बोटांनी खोकं मोठं केलं,
मग कोपरा, मग कोपऱ्याचा कोपरा.
तिथं पेन्सिलीनं एक बेरीज.
अठरा हजार सातशे पन्नास, तिची नर्सिंगची फी.
सहा हजार चारशे ऐंशी, खोली आणि खानावळ.
रेघ.
चोवीस हजार दोनशे तीस.

"बाबा, हातचा धरला नाही तुम्ही."

खरंच नाही धरला.
म्हणजे फीच्या खिडकीशी हजार कमी पडले,
क्लार्कनं तीनदा मोजून माझ्याकडं बघितलं,
मी सायकल तिथंच टाकून दस्तगीरभाईंकडं पळालो,
ते सगळं आदल्या रात्रीच
या फळीवर लिहून झालं होतं.
वर मी खिळे मारले, आणि पाठवून दिलं.

तिकडं माणसं तिकीट काढून येतात म्हणे.
मान तिरकी करून उभी राहतात आकड्यांपुढं.
मंत्र वाटत असेल.
एखाद्याला तरी आपले आकडे येत असतील.
त्यानं दोरीखालून वाकावं
आणि आठाच्या डोक्यावर बारीक एक मांडावा.
वॉचमन ओरडेल. ओरडू दे.

दस्तगीरभाईंना सांगायला गेलो.
जवारी काढत बसले होते, कान तारेला.
सगळं ऐकलं, पाटी, दोरी, शांतता.
कानस न थांबवता म्हणाले,
"ते हजार अजून यायचेत."