प्रश्न क्रमांक सतरा

मिरजेला कॉलेजच्या लायब्ररीमागे एक खोली होती,
चपला बाहेर काढून शिरायची.
आत एसी होता, तो माणसांसाठी नव्हता.
सिस्टर एस्तेरनं ऑपरेशनच्या हिरव्या कापडाची
खोळ शिवलेली कॉम्प्युटरला,
आणि डीन दारातूनच विचारायचे,
"काय डॉक्टर, नाडी बघतो का तुमचा टीव्ही?"

नाडी बघायचा नाही. तो आजारी पडायचा.
मीच पाडायचो, रात्री ओपीडी आटोपल्यावर,
ओळीमागून ओळ:
वय चाळीस. डोकं ठणकतंय. गरगरतंय. दम लागतोय.
पोरांनी विचारायचं, त्यानं सांगायचं.
देवनागरी नव्हती तेव्हा,
इंग्रजी अक्षरांत आमच्याकडचं मराठी लुकलुकायचं.
वीज गेली की अर्धवट आजारी राहायचा.

पहिल्या बॅचनं ब्लडप्रेशर पाहिलं, रक्त पाहिलं,
कवटीचा एक्सरे काढला,
गोळ्या देऊन घरी धाडला.
दुसऱ्या दिवशी पडद्यावर: पेशंट दगावला.
पोरं हसली. एक बटण दाबलं.
तो उठून बसला. डोकं ठणकतंय, म्हणाला.

सतरावा प्रश्न कुणी विचारायचं नाही:
काम काय करता?
विचारलं असतं तर बोलला असता.
हरिपूरला, हळदीच्या पेवात उतरतो.
तोंड उघडून दिवसभर कोंदट जाऊ द्यायची असते,
मालकाला घाई होती.
कंदील खाली विझला, तरी उतरलो.

मलाही नंतरच कळलं, पंचनाम्यातून.
केसपेपरवर माझ्या अक्षरात एवढंच:
सातगोंडा मगदूम. गोळ्या, तीन दिवस. सही.
शिमग्याच्या आसपासची तारीख.

पुढं परिषदा झाल्या, शाली मिळाल्या,
डिस्कवर चाळीसेक रोगी जमले.
कृष्णा रेकॉर्ड रूममध्ये शिरली त्या साली
कागदांचा लगदा झाला. डिस्का वरच्या फळीवर, कोरड्या.
मग तो माझ्याकडेच राहिला,
बटण दाबलं की उठणारा.

रुक्साना जमादार, तिसऱ्या वर्षाची.
तिनं सतरावा प्रश्न पहिलाच विचारला.
वाचवला त्याला. तरी उठली नाही,
टाइप केलं: घरी कोण असतं?
समजले नाही. पुन्हा विचारा.
तिनं पुन्हा विचारलं.
समजले नाही. पुन्हा विचारा.
माझ्याकडं बघितलं तिनं.

रविवारी हरिपूरला गेलो, चिंचांच्या रस्त्यानं.
पेवं बुजलेली, वर कुणाकुणाच्या शेळ्या.
मगदुमांचं घर तिघांना विचारावं लागलं.
ओट्यावर लसूण सोलत बसलेली म्हातारी
मान वर न करता म्हणाली,
"काय काम काढलंत?"