भुसा

न्यू पॅलेसच्या काचेआड वाघ.
राजवी उकिडवी बसून बघत राहिली त्याचं पोट.
"आत काय हाय?"
"भुसा," मी म्हटलं
आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून
ओढत नेली तलवारींकडे.
तलवारी तिला दिसल्याच नाहीत.

रंकाळ्यावर भेळ. अर्धी फ्रॉकवर.
घोडेवाल्यालाही विचारून झालं, ह्यात भुसा?
तो हसला, वीस रुपये म्हणाला.

सांजेला गंगावेशीत दूध कट्टा.
म्हैस उभी, धार वाजतेय.
फेसाची मिशी पुसायच्या आत
तिनं हात टेकवला म्हशीच्या कुशीला,
दचकून काढला,
परत ठेवला.
"पप्पा, ही गरम हाय."

परतीच्या एसटीत, बिद्रीच्या अलीकडेच
झोपली,
हात माझ्या शर्टाखाली, पोटावर.
मी श्वास जरा
मोठे घेत राहिलो.