पान सात

पत्र आलं : सर्व विद्यार्थ्यांनी हा कोर्स
ऑनलाइन पूर्ण करावा. विषय दोन. दारू,
आणि (इथे टाइप करणाऱ्यानं थोडी जागा मोकळी सोडलेली)
इतर जबाबदार वर्तन.

रावेरचा एप्रिल. लॅबमध्ये बावीस मशीन, चालू सतरा.
कूलर एकच, त्यात पाणी मी भरतो.
मुलं एका रांगेत, मुली एका रांगेत, मधे माझं टेबल.
सगळ्यांच्या कानाला हेडफोन,
म्हणजे कुणीच काही ऐकलेलं नाही.

पान चारवर व्हिडिओ.
बाई हसून पाकीट दाखवते, मुदत बघा म्हणते,
मग टेबलावरचं केळं उचलते.
केळं! आमच्याकडे!
ज्यांच्या बापाचे ट्रक दिल्लीला जातात त्यांना!
आधी झोपेंचा तेजस खुसखुसला,
मग मागून कुणीतरी, "कटनी लवकर झाली हिची,"
"श्रीमंती नाही रे, बसराई ही,"
"भाव काय निघाला आज?"
मुलींच्या रांगेतून चेतना फिरके, मान वर न करता :
"मुदत बघा म्हणाली ती. ते ऐकलं का कुणी?"
कूलरमधलं पाणी ऐकू यायला लागलं.

माझ्या स्क्रीनवर दिसतं, कोण कुठल्या पानावर किती थांबलं.
नाव नाही, नुसता नंबर आणि वेळ.
पान चार हसतात, तरी दोनदा बघतात.
पान पाच, 'आठवड्यात किती पेग?' नऊ सेकंद. सगळ्यांचं उत्तर शून्य.
तालुक्यात एवढे साधू आहेत
हे मला रिटायर व्हायच्या आधी कळलं, बरं झालं.

पान सहावर पेटी. प्रश्न लिहा, नाव लिहू नका.
एकदा आला :
'मी नाही म्हटलं तं त्याले राग आला. मंग आता मी काय करू?'
डॉक्टरीणबाईंचं उत्तर जळगावहून आलं :
'संमती कोणत्याही टप्प्यावर मागे घेता येते.'
बरोबरच आहे. पण ते पुढे पाठवताना
मी खाली एक ओळ जोडली :
राग त्याचा हाय, त्याले सांभायू दे.
तू तुह्य नाही सांभाय.
हे माझ्या कामात बसतं की नाही, कुणाला विचारलं नाही.

पान सात. चित्रात मोटरसायकल.
'तुमचा मित्र प्यायलेला आहे. तो चावी मागतो.
तुम्ही काय कराल?' अ, ब, क.
सरासरी चाळीस सेकंद.
एक नंबर एकोणपन्नास मिनिटं.
प्राचार्य म्हणाले, हा झोपला होता का?
मी म्हणालो, लाइट गेली होती, सर.

तो नंबर टेस्ट-०१.
कोर्स नीट चालतो का बघायला
मीच उघडला होता, लॅब बंद झाल्यावर.
पालहून उतरताना, शहाण्णव साली,
लीलाधरनं हात पुढे केला.
"दे ना यार, गाव तर समोर दिसून राहिलं."
दिसत होतं. खाली दिवे, बागांवरची धुकट पट्टी.
चावी माझ्या खिशात होती, अंगानं कोमट झालेली.
मित्रानं मागितलं की देतात,
एवढंच शिकलो होतो तोवर.
अ, ब, क. तिन्ही वाचले, पुन्हा वाचले.
'देतो' असा पर्याय त्यांनी ठेवलेलाच नाही.

सोमवारी कुलूप काढतोय तर दाराशी जामसिंग बारेला,
रात्रभर जागलेला चेहरा.
मूठ उघडली.
"काका, ही ठेवा. आमच्यातल्या एकाची.
उठला की येईल न्यायला.
लय शिव्या दिल्या त्यानं मला."

कुठे ठेवू, सुचेना.
ड्रॉवरमध्ये मोडके माउस, जुन्या सीड्या.
शेवटी शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.
दुपारपर्यंत कुणी आलं नाही.
कूलरमध्ये पाणी भरायला वाकलो
की टोचत होती.