चार अंश

फ्रीझर आणला बंद पडलेल्या कुल्फीच्या दुकानातून.
झाकणावर अजून अर्धा मलई-पिस्ता चिकटलेला.
हातगाडीवरून देवपुरात शिरला तेव्हा
गल्लीने काही विचारलं नाही, फक्त डोळ्यांनी मापला.
शैला म्हणाली, आत माणूस मावेल.
मी म्हणालो, दोन पिंपं आणि एक सिलिंडर.

पत्र्याला भोक पाडायचं नाही.
त्याच्या कातडीखालून गॅसच्या नळ्या जातात,
कुठून, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.
म्हणून बिजागऱ्या सोडवल्या, झाकण उचललं,
आणि मध्ये सागाची चौकट, वीतभर उंच.
हिलाल मिस्तरीने पेन्सिल कानामागे खोचली:
"देव्हारा शे का?"
नळ बसवायचेत, म्हटलं.
"मंग देव्हाराच."

दादर आधीच भिजवली होती.
गोणपाटाखाली मोड, गच्चीवर दोन दिवस.
इथलं ऊन वाळवायच्या कामात उधारी ठेवत नाही.
कडू फुलं टपालाने आली. पोस्टमनने पाकीट हुंगलं,
विचारलं, औषध?
मी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
विहिरीतून जळून आलेल्या मोटारी उघडायच्या,
काळं तांबं उपसायचं, नवं भरायचं, वेढे मोजत.
त्यामानाने हे सोपं.
फ्रीझरला जन्मापासून एकच शिकवलेलं असतं, गोठव.
त्याला मध्येच थांबायला शिकवायचं:
सहावर चालू, चारवर बंद.
पाण्याच्या बाटलीत बुडवला सेन्सर,
कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरचा पंखा,
ओल धरू नये म्हणून फडक्यात कळीचा चुना.

पहिला ग्लास नुसता फेस.
दुसराही.
नळी फार आखूड होती. तीन मीटर घातली, वेटोळं करून,
तेव्हा कुठे ती खाली मान घालून आली,
गव्हाळ, किंचित आंबूस,
आणि शेवटी जिभेवर दादरीची ती ओळखीची चव,
भाकरी तव्यावर फुगताना येते तशी.

मग वैशाखात वादळ झालं.
पांझरेपलीकडचे खांब आडवे.
दोन दिवस वीज नाही, बाहेर चव्वेचाळीस.
माझ्याकडे दुकानातला इन्व्हर्टर, ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या.
दुपारी ठगूमाय आली, ओल्या रुमालात इन्सुलिन.
झाकण उघडलं तर पिंपाकडे बोट:
"हाई काय शे?"
दादरनं पाणी, म्हटलं.
"दादरनं? मंग चांगलंच ऱ्हाई."
आणि बाटली तिनेच ठेवली, पिंपाला टेकवून.

संध्याकाळपर्यंत नऊ डबे.
चिकटपट्टीवर नावं, एकावर नुसतं "बापू".
कुणाच्या वासराची लस.
पोरं कुल्फीचे साचे घेऊन आली, परत पाठवली.

त्या रात्री तिघे मित्र ग्लास घेऊन आले, स्वतःचे.
घामाने शर्ट अंगाला.
मी नाही म्हणालो.
बॅटऱ्या संपत आल्या होत्या.
आता थंडी धरून होतं ते यंत्र नव्हे,
दोन भरली पिंपं, अडतीस लिटर.
एक ग्लास काढला की तेवढी थंडी गल्लीबाहेर जाणार.
हे त्यांना समजावलं.
त्यांना कळलं, पटलं नाही.
ओट्यावर बसून कोमट पाणी प्यायले, मला शिव्या देत.

पहाटे आकडा सात पूर्णांक चारवर.
मी टॉर्च धरून त्याच्याकडे बघत बसलेलो,
शैला माझ्याकडे.
"आठ झाले तर?"
तेवढ्यात गल्लीतले सगळे पंखे एकदम.

आता त्याला गल्लीत दवाखाना म्हणतात.
दवाखान्यात येतोस का, विचारतात,
आणि ठगूमायचा नातूही मान खाली घालून हसतो.
तिचा स्टीलचा डबा राहिलाच आहे आत.
मागायला येत नाही, मीही देत नाही.

तिसरा जोड अजून गळतो.
साबणाचं पाणी लावलं की
एक बुडबुडा फुगतो, सावकाश,
मग दुसरा.