उणे दोन पॉइंट तीन

यंत्राखाली उताणं झोपवलं मला,
पाय फोमच्या ठोकळ्यावर,
जणू फळीवरचा हॅडक.
बावीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीत मी मासे कापले,
पांढरे गमबूट, पोटाशी बर्फाचं पाणी.
हाडाची काडं केली म्हणतात वेंगुर्ल्यात,
इथे त्याला शिफ्ट म्हणतात.
मांस कुठे संपतं, काटा कुठे लागतो
हे सुरीच्या आधी बोटाला कळायचं.
माझा काटा मात्र
आज पहिल्यांदा कुणी पाहिला.

हलू नका, म्हणाली ब्रायनी नावाची पोरगी.
कुठे हलणार, बाई?
एकोणऐंशी सालापासून इथेच आहे.

निकाल : उणे दोन पॉइंट तीन.
उणे म्हणजे देणं, शाळेत शिकवलं होतं.
कुणाचं ते विचारायचं राहून गेलं.

जानेवारीत मागच्या अंगणात घसरले, मनगट गेलं.
भिंतीपलीकडच्या मोरीनला आवाज ऐकू गेला,
माझा नव्हे, बादलीचा.

दिगंबर बावन्नाव्या वर्षी गेला,
फ्रीमन स्ट्रीटच्या बसथांब्यावर, हातात पावाची पिशवी.
रविवारी तो मटणाची नळी ताटावर आपटायचा,
ठक, ठक,
आणि चोखून झाल्यावर म्हणायचा,
खरा माल आत असतो.
तो गेला तेव्हा डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं.
तेव्हापासून रोज रात्री एक गोळी,
मला वाटायचं, त्याच्या वाटणीची.

आता हाडं विरळ निघाली तर
गोळीवरच संशय येणार की नाही?
घरात चोरी झाली की
आधी भाडेकरूकडेच बघतात.

औषधांच्या दुकानातल्या ओसेईंना विचारलं.
ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला.
म्हणाले, काही जणांना दिसलं
की ही गोळी हाडाला हात देते,
काही जणांना दिसलं
की मात्रा मोठी झाली की उलट होतं,
आणि वय तर तुमचं आहेच.
अजून नक्की ठरलेलं नाही.
गोळी मनाने बंद करू नका,
डॉक्टरांशी बोला.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
या माणसाच्या होतं.

म्हणून चालू आहे.
रात्री हृदयाची, सकाळी हाडांची,
आणि ऑक्टोबर ते मार्च
उन्हाच्या बदल्यात एक पिवळा थेंबासारखा दाणा.
दोघी जावा एकाच चुलीवर,
एकीचं भांडं उतरलं की दुसरीचं चढतं.
भांडण आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

काल रविवार होता.
कित्येक वर्षांनी नळ्या आणल्या,
शिजवल्या, एक उचलली
आणि आपटली ताटावर. ठक.
नाही निघाली. पुन्हा. ठक, ठक.

तीन ठोके म्हणजे पडले, धावत ये,
असं जानेवारीतच ठरलं होतं आमचं.
विसरलेच.

मोरीन दारात, झोपायच्या कपड्यांवर कोट,
एका पायात चप्पल, हातात किल्ली.
मी हातातली नळी दाखवली.
ती बसलीच पायरीवर.
शेवटी म्हणाली, त्यात काय असतं?
चोखून बघ, म्हटलं.
माझं कोलेस्टेरॉल गं, म्हणाली,
आणि हात पुढे केला.